कुंभारीपासून समुद्र किती दूर?

महाराष्ट्राला ७२० किलोमीटरचा समुद्रकिनारा लाभला आहे, हे वाक्य राज्यातील मुलांच्या कित्येक पिढ्यांनी भूगोलाच्या तासाला पाठ केले. ते पाठ करणाऱ्यांपैकी किती मुलांनी तो किनारा डोळ्यांनी पाहिला, याची नोंद कोणत्याही खात्याकडे नसावी. कोकणातील किंवा मुंबईतील मुलाला हा प्रश्न विचित्र वाटेल. पण भीमा-सीनेच्या खोऱ्यातील मुलासाठी पाण्याचा सर्वांत मोठा विस्तार म्हणजे शहरातले सिद्धेश्वर तळे, फार तर हिप्परग्याचा तलाव आणि कधी वडीलधाऱ्यांबरोबर जाणे झालेच तर उजनीचे धरण. या तिन्ही ठिकाणी पलीकडचा काठ दिसतो. पलीकडचा काठ नसलेले पाणी ही कल्पना त्याला पुस्तकातूनच घ्यावी लागते.

सोलापूरहून अक्कलकोटच्या रस्त्याने निघाले की थोड्या अंतरावर कुंभारी हे गाव लागते. या गावाच्या शिवारात विडी कामगार स्त्रियांची दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. गोदूताई परुळेकर यांचे नाव धारण करणारी ही घरे २००६ साली तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या हस्ते कामगारांना मिळाली. त्यानंतर असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांची रे नगर ही योजना आली आणि १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते त्यांतील पंधरा हजार घरांचे लोकार्पण झाले. नरसय्या आडम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यासाठी वर्षानुवर्षे मोर्चे काढले, दिल्लीच्या वाऱ्या केल्या. झोपडी किंवा भाड्याची खोली सोडून माणूस आपल्या नावाच्या दारात उभा राहिला, ही गोष्ट लहान नव्हे.

परंतु घर ही राहण्याची जागा झाली. त्या घरातील विडी कामगार स्त्री दिवसाचा बहुतेक वेळ त्याच घरात कामही करते. कारखान्याच्या शाखेतून, जिला कामगार ‘ब्रँच’ म्हणतात, तेंदूची पाने आणि तंबाखू मोजून घ्यायची, पाने भिजवायची, कापायची, मांडीवर सूप घेऊन विड्या वळायच्या, दोऱ्याने बांधायच्या आणि दुसऱ्या दिवशी नेऊन द्यायच्या. दिवसाला आठशे-हजार विड्या वळणारी बाई हाताची चांगली समजली जाते. मजुरी हजारी दराने मिळते, दिवसाच्या हिशेबाने नव्हे. म्हणजे ज्या दिवशी विडी वळली नाही त्या दिवशी मजुरी नाही. नवरा यंत्रमागावर किंवा बांधकामावर असला तर त्याचाही हिशेब फारसा वेगळा नसतो.

अशा कुटुंबाने मुलांना घेऊन एक दिवस समुद्रावर जाऊन यायचे ठरवले, तर त्याची किंमत काय पडते? प्रवासखर्चाचा आकडा सहज काढता येईल, पण तो सबंध हिशेब नव्हे. अर्थशास्त्रात वैकल्पिक परिव्यय नावाची एक संज्ञा आहे. एक गोष्ट मिळवताना जी दुसरी गोष्ट सोडावी लागते, ती सोडलेली गोष्ट हीच पहिलीची खरी किंमत होय. बँकेतला कारकून किंवा शाळेतला शिक्षक रजेवर जातो तेव्हा त्याचे वेतन चालू राहते. त्याच्या सहलीची किंमत म्हणजे तिकीट, जेवण आणि मुलाने हट्टाने घ्यायला लावलेला फुगा. विडी वळणाऱ्या बाईच्या सहलीत या साऱ्यावर दोन दिवसांची बुडालेली मजुरी चढते. जाण्याचा दिवस तर जातोच. पण रात्रीचा प्रवास करून आलेल्या बाईच्या हाताला दुसऱ्या दिवशी वेग येत नाही. गरीब माणसाचे तिकीट श्रीमंताच्या तिकिटापेक्षा महाग असते, ते असे.

यावर एक आक्षेप लगेच येईल, आणि तो खोटा नाही. वसाहतीत पाणी, गटारे, रस्ते, शहरात जाण्यायेण्याची साधने यांचे प्रश्न शिल्लक असताना समुद्राच्या सहलीची भाषा करणे ही चैन नव्हे काय? नळाला पाणी नसेल तर आधी नळाचेच बोलावे, यात वाद नाही. मात्र या आक्षेपात एक गृहीत दडलेले आहे. गरिबाच्या गरजांची एक पायऱ्यापायऱ्यांची शिडी असते आणि वरची पायरी चढण्यापूर्वी खालच्या सगळ्या पक्क्या झाल्या पाहिजेत, असे ते गृहीत आहे. हे गृहीत मध्यमवर्ग स्वत:ला कधीच लावीत नाही. घराचे कर्ज फिटण्याच्या आधीच तो महाबळेश्वर पाहून येतो. शिवाय मूल वाट पाहत नाही. आठव्या वर्षी जे बघायचे ते गटाराचे काम पूर्ण होईपर्यंत ठेवून देता येत नाही. तोवर मूल अठरा वर्षांचे झालेले असते.

आणि चैनीचा शब्द येथे लागू पडतो काय, हेही तपासले पाहिजे. भारतीय संविधानाच्या ४३ व्या अनुच्छेदात शेतीतील, उद्योगातील आणि इतर सर्व कामगारांना निर्वाहवेतनाबरोबरच फुरसतीचा पुरेपूर उपभोग मिळावा यासाठी राज्याने झटावे, असे मार्गदर्शक तत्त्व आहे. आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेने सवेतन सुट्टीचा करार १९३६ साली केला. संयुक्त राष्ट्रांच्या १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातील २४ वे कलम विश्रांती, फुरसत आणि ठरावीक काळाने मिळणारी सवेतन सुट्टी हा प्रत्येकाचा हक्क मानते. तत्त्वांची ही यादी पुरेशी वाटत नसेल तर कायद्याकडे वळावे. विडी व सिगार कामगारांसाठी संसदेने १९६६ साली केलेल्या कायद्यात प्रौढ कामगाराला दर वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस पगारी रजा ठेवली होती आणि घरी बसून विड्या वळणाऱ्या स्त्रीला त्या कायद्याने कामगारच मानले होते. तो कायदा पुढे २०२० च्या कामगार संहितेत सामावला गेला. वर्षात अडीचशे दिवस काम करणाऱ्या बाईचा या हिशेबाने बारा दिवसांच्या रजेवर अधिकार होतो. समुद्राला त्यातला एकच दिवस लागतो.

१९७६ च्या विडी कामगार कल्याण निधीच्या कायद्यातही आरोग्य, शिक्षण आणि घर यांच्या जोडीला करमणुकीच्या सोयींचा उल्लेख आहे. या निधीसाठी विड्यांवर जो उपकर बसवला जाई, तो २०१७ साली वस्तू व सेवा कर आला तेव्हा रद्द झाला. करमणूक हा शब्द कायद्याच्या पुस्तकात राहिला. कायद्यात जे लिहिले आहे त्याची मागणी करताना संकोच वाटण्याचे कारण नाही. संकोच वाटायचाच असेल तर तो ही रजा कागदावर ठेवणाऱ्यांना वाटावा.

येथे एका जुन्या उदाहरणाची आठवण करून देणे उपयोगाचे ठरेल. सोलापूरची पहिली कापड गिरणी १८७७ साली सुरू झाली, त्या सुमारास इंग्लंडमधील लँकेशायर परगण्यात गिरणगावे भरभराटीला आलेली होती. तेथील कामगार काही सुखात नव्हता. मजुरी बेताची, घरे कोंदट, हवा धुराची. तरीही वर्षातून एकदा गावच्या जत्रेच्या निमित्ताने गिरण्या सबंध आठवडा बंद राहत, यंत्रांची दुरुस्ती होई आणि गावच्या गाव आगगाडीत बसून ब्लॅकपूलच्या समुद्रावर जाई. प्रत्येक गावचा आठवडा निराळा ठेवलेला असे, त्यामुळे किनाऱ्यावर एकाच वेळी झुंबड उडत नसे. हा आठवडा बिनपगारी होता. सवेतन सुट्टीचा कायदा ब्रिटनमध्ये १९३८ साली झाला. मग या माणसांनी खर्च कसा भागवला? वर्षभर दर आठवड्याला काही पेनी सुट्टीच्या मंडळात भरून. सोलापूरच्या बायकांना ही पद्धत समजावून सांगावी लागणार नाही. त्यांच्याकडे तिला भिशी म्हणतात.

ब्लॅकपूलला १८४६ साली रेल्वे पोचली आणि १८६३ साली समुद्रात आत शिरलेला पहिला लांब धक्का बांधून झाला. सुरुवातीला असे धक्के बोटी लागाव्यात म्हणून बांधले जात. टेम्सच्या मुखाशी असलेल्या साउथएंड येथे ओहोटीला पाणी मैलभर मागे जाते आणि नुसता चिखल उरतो. तेथे १८३० साली पहिला लाकडी धक्का झाला, पुढे तो वाढत वाढत दोन किलोमीटरच्याही पलीकडे गेला. आज सहलीसाठी वापरला जाणारा जगातला सर्वांत लांब धक्का तो हाच. त्यावरून छोटी आगगाडी धावते. बोटींपेक्षा चालणाऱ्यांचीच गर्दी जास्त, असे लवकरच दिसून आले. माणसांना बोटीत बसायचे नव्हते. त्यांना पाय न भिजवता समुद्रात जाऊन यायचे होते.

धक्क्याचे हे महत्त्व देशावरच्या माणसाने नीट लक्षात घेण्यासारखे आहे. आपल्याकडे समुद्र म्हटले की चौपाटी डोळ्यांपुढे येते. पण वाळूचा किनारा समुद्र न कळणाऱ्या माणसाला फसवतो. उतार सौम्य दिसतो, पाणी गुडघ्याएवढे असते, आणि ओहोटीचा ओढ पायाखालची वाळू काढून नेतो. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरुडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले चौदा विद्यार्थी बुडाले. त्या मुलांना ना भरती-ओहोटीची वेळ ठाऊक होती ना पाण्याचा ओढ. या दुर्घटनेनंतर सहलींवरील नियम कडक झाले, आणि ते व्हायलाच हवे होते. परंतु नियमांच्या भीतीने शाळांनी समुद्राचे नावच टाकावे आणि सहल कुठल्या तरी करमणुकीच्या बागेत न्यावी, हा धडा चुकीचा आहे. न पाहिलेल्या समुद्राची ओळख कधीच होणार नाही, आणि ओळख नसलेला मुलगा विसाव्या वर्षी मित्रांबरोबर तेथे गेलाच तर पुन्हा तीच चूक करील. पोहायला न येणाऱ्या माणसाला समुद्राच्या मध्यापर्यंत कोरड्या पायांनी नेणारी वाट असेल तर ती धक्क्याची. कठडा असेल, पहारा असेल, तर आठ वर्षांच्या मुलाला लाटेशी झुंजायला न लावता लाट दाखवता येते.

असा धक्का महाराष्ट्रात आहे. मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियापासून बोटीने सुमारे तासाभराच्या अंतरावर घारापुरी हे बेट आहे. १९८७ पासून जागतिक वारशाच्या यादीत असलेल्या तेथील लेणी पाहायला देशोदेशींचे लोक येतात. बेटाच्या कडेला चिखल आणि उथळ पाणी असल्यामुळे बोटी थेट काठाला लावता येत नाहीत, म्हणून समुद्रात लांबवर गेलेला धक्का बांधलेला आहे आणि त्यावरून छोटी आगगाडी चालते. मुलांचे अर्धे लक्ष तिच्याकडेच असते. लेण्यांतल्या त्रिमूर्तीपुढे मोठी माणसे उभी राहतात. मुले मात्र धक्क्याच्या कडेने वाकून चिखलातले खेकडे बघतात, नांगरलेल्या होड्या मोजतात, मघाशी होते ते पाणी कुठे गेले असे विचारतात. हा शेवटचा प्रश्न विचारला गेला की भूगोलाचा एक सबंध धडा सार्थकी लागला म्हणायचे. जाता जाता हेही सांगितले पाहिजे की, मुंबईच्या दिव्यांकडे रोज पाहणाऱ्या या बेटावर समुद्राखालून तार टाकून वीज पोचायला २०१८ साल उजाडावे लागले. देशावरचीच माणसे दूर राहतात असे नाही.

आता अंतराचा प्रश्न. सोलापूर ते मुंबई लोहमार्ग साडेचारशे किलोमीटरचा आहे, आणि येथेच एक सोय अशी आहे की तिच्याकडे सहसा सहलीच्या दृष्टीने कोणी पाहत नाही. ग्रामदैवताचे नाव असलेली सिद्धेश्वर एक्सप्रेस रात्री सोलापूरहून सुटते आणि सकाळी मुंबईत पोचते. मुंबईहूनही ती रात्रीच निघून सकाळी परत येते. व्यापारी, वकील आणि मंत्रालयात कामे घेऊन जाणारे लोक या गाडीचा वर्षानुवर्षे असा उपयोग करीत आले आहेत. म्हणजे मुक्कामाचा खर्च न करता सबंध दिवस समुद्रावर काढता येतो. स्थानकापासून गेटवे दोन-अडीच किलोमीटर, म्हणजे सकाळच्या वेळी मुलांना घेऊन चालण्यासारखे आहे. पंधरा वर्षांखालील मुलांना लेण्यांत शुल्क नाही. १० फेब्रुवारी २०२३ पासून सोलापूर-मुंबई मार्गावर वंदे भारत गाडीही धावू लागली. तथापि तिच्या तिकिटाचा विचार कुंभारीच्या कुटुंबाने न केलेला बरा. एस.टी.ने जायचे म्हटले तर मार्च २०२३ पासून स्त्रियांना अर्ध्या तिकिटाची सवलत आहे, मुलांचेही अर्धेच, शिवाय शाळांच्या सहलींना महामंडळ निम्म्या भाड्यात गाडी देते.

मग अडते कुठे? अंशत: पैशात, अंशत: रजेत, आणि बरेचसे एका मानसिक परवान्यात. सोलापूरचा कष्टकरी माणूस प्रवास करीत नाही असे नाही. तो पंढरपूरला जातो, तुळजापूरला जातो, अक्कलकोट तर वाटेवरच आहे. लग्न आणि मयत यांसाठी तो तेलंगणापर्यंत जातो. त्या दिवसांची मजुरी बुडते, पण त्याबद्दल त्याला कोणी विचारत नाही आणि तो स्वत:लाही विचारत नाही. देवाला जायचे आहे, हे कारण पुरते. ‘मुलांना समुद्र दाखवायला जायचे आहे’ हे कारण मात्र शेजारणीला, मुकादमाला आणि सासूला पटत नाही. नोकरदार वर्गाला हा परवाना शासनाने दिला. राज्य कर्मचाऱ्यांना ठरावीक वर्षांनी महाराष्ट्र दर्शनाची प्रवास सवलत मिळते. सरकारच तिकिटाचे पैसे देते म्हटल्यावर फिरायला जाणे हे उधळेपण राहत नाही, उलट न जाणारा खुळा ठरतो. एका वर्गाची फुरसत सरकारी खर्चाने प्रतिष्ठित झाली, दुसऱ्या वर्गाची फुरसत त्याच्या स्वत:च्या मजुरीतूनही प्रतिष्ठित होऊ शकत नाही.

हे बदलण्यासाठी फार मोठी योजना लागणार नाही. कामगारांच्या संघटनांनी पगारी रजेच्या दिवसांचा हिशेब मागताना त्यातला एक दिवस सामुदायिक सहलीसाठी धरावा. बचत गटांनी कर्जाच्या खात्याशेजारी सहलीचे एक खाते उघडावे; पन्नास बायका मिळून निघाल्या की सासूचा प्रश्न आपोआप मिटतो. वसाहतीतल्या शाळांनी सहल मुलांपुरती न ठेवता आईला बरोबर घ्यावे. नाहीतर समुद्र पाहून आलेले मूल आणि समुद्र न पाहिलेली आई यांच्यात एका संध्याकाळीपुरते का होईना, अंतर पडते. रेल्वेने वर्षातून दोन-तीन रात्री या गाडीला अशा गटांसाठी एखादा जादा डबा लावला तर तिच्या अंदाजपत्रकाला त्याचा पत्ताही लागणार नाही.

मात्र धक्क्यापलीकडे बोट असते, आणि बोटीच्या बाबतीत भाबडेपणा चालणार नाही. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. सणासाठी घरी निघालेली साधी माणसे होती ती. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीकडेच निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर इंजिनाची चाचणी घेणारी नौदलाची वेगवान बोट आदळली. बोटीवर शंभराच्या आसपास माणसे होती, मुलांना घेऊन निघालेली कुटुंबे त्यांत होती. एकूण पंधरा जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर लाइफजॅकेट घालण्याची सक्ती झाली. सक्ती ही पहिल्या महिन्यात असते तशी बाराव्या महिन्यात राहिली पाहिजे, आणि मोठ्या माणसाचे जॅकेट सहा वर्षांच्या मुलाच्या डोक्यावरून निसटते, हेही कोणीतरी लक्षात घेतले पाहिजे. मुलांच्या मापाची जॅकेटे, चढताना माणसे मोजणारा एक माणूस आणि ठरलेल्या संख्येनंतर दोर सोडणारा तांडेल, एवढ्यावर बरेच काही अवलंबून आहे. ज्यांना बोटीची धास्ती वाटते त्यांना गेटवेच्या कठड्यापाशी उभे राहूनही समुद्र दिसतो, आणि त्याला तिकीट नाही.

दिवसाची निवड हा वरवर किरकोळ वाटणारा पण महत्त्वाचा भाग आहे. पावसाळ्यात बोटींचा भरवसा नसतो, मे महिन्यात उन्हाने मुले हैराण होतात. गड्ड्याची यात्रा आटोपल्यावर आणि वार्षिक परीक्षा जवळ येण्यापूर्वी जो फेब्रुवारीचा काळ येतो, तो चांगला. सोमवारी लेणी बंद असतात. तिथीही पाहावी. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ ढोबळमानाने येते, हा कोकणातला जुना हिशेब आहे; अष्टमीला ती सहाच्या सुमारास येते आणि पाणी फारसे चढउतरत नाही, तिला भांगाची भरती म्हणतात. पौर्णिमेला उधाण असते आणि भरती दुपारी बाराच्या आसपास. सकाळच्या बोटीने निघालेली मुले त्या दिवशी धक्क्यावर उतरतील तेव्हा पाणी चढत असेल, आणि चार-साडेचारला परत फिरताना त्याच धक्क्याखाली चिखल उघडा पडू लागलेला असेल. तुळजापूरची एक पौर्णिमा तेवढी चुकेल.